खोलीतल्या खोलीत अकोल्याकडे

ऊन कललं की मी बडनेरा ओलांडते. मग लोणी, कुरूम, मूर्तिजापूर. जमलं त्या दिवशी बोरगाव मंजूची कमान दिसते आणि पुढे अकोला आलंच, असं वाटत असतानाच माझी वेळ संपते. मी सायकलवरून उतरते, पुढच्या चाकाखालचं लाकूड पायाने नीट सरकवते आणि चहा टाकते. घर अमरावतीत आहे, सायकल घरात आहे आणि तिचं मागचं चाक लोखंडी स्टँडमध्ये घट्ट बसवलेलं आहे. तरी रस्ता माझ्या पायांखालून जातो, हे मी कुणाच्याही समोर सांगायला तयार आहे.

हे लिहिते आहे ते अशा माणसांसाठी, ज्यांना डॉक्टरांनी नुकतंच सांगितलंय की तुमचं हृदय दमलंय. त्या दिवशी डोक्यात जो सन्नाटा होतो, तो मला माहीत आहे. औषधांचं मी काही सांगणार नाही, ते तुमच्या डॉक्टरांना विचारा. मी ब्लाउज शिवणारी बाई. मी कशी घाबरले आणि घरात आणखी कोण घाबरलं, एवढंच मला सांगता येईल.

चपला

माझं दुखणं चपलांपासून सुरू झालं. संध्याकाळी पट्ट्यांचे वळ पायावर उमटायचे. मला वाटलं, दिवसभर शिलाई मशीनवर बसते, त्यामुळे असेल. मग जिना चढताना मध्येच थांबून मी ओढणी सारखी करायला लागले. ओढणी चांगलीच असायची, श्वास जागेवर नसायचा. शेवटी झोपलं की छातीवर कुणी गाठोडं ठेवल्यासारखं व्हायचं आणि मी भिंतीला टेकून बसल्या बसल्या रात्र काढायची. मी म्हणायची ॲसिडिटी. आमचे हे म्हणायचे, चल दवाखान्यात. लग्नसराई चालू होती, घरात ब्लाउजचे ढीग पडले होते. मी काही हलले नाही.

आमचे हे म्हणजे माझे मिस्टर. विहिरीच्या आणि बोअरच्या मोटरी दुरुस्त करतात, जळालेल्या मोटरीत नवी तार भरतात. आमचं दोघांचंच घर. मी त्यांना लाडाने आणि रागाने, दोन्ही वेळेला, मेकॅनिक म्हणते.

शेवटी त्यांनी रिक्षाच दारात आणून उभी केली.

सोनोग्राफीसारख्या मशीनवर माझं हृदय पडद्यावर दिसत होतं. करडं, धुक्यातलं, झोपेत हात हलवावा तसं हलत होतं. मला ते पाहून कीव आली. डॉक्टर म्हणाले, एखाद्या तापानंतर असं कधीकधी होतं, स्नायू ढिला पडलाय, पंपिंग निम्म्यावर आलंय.

पंपिंग शब्द ऐकताच मेकॅनिक सावध झाले. "साहेब, खालची झडप, फूटव्हॉल्व्ह गेला का? का मोटरच बसली?"

डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, "मोटर थकलीय. बदलायची नाही, जपायची आहे."

हे त्यावर "बरं" म्हणाले. बाहेर येऊन बाकावर बसले आणि बराच वेळ दोन्ही हातांचे तळवे पाहत राहिले. त्या हातांनी त्यांनी पंचक्रोशीतल्या किती मोटरी पाण्यातून वर काढून पुन्हा चालू केल्या असतील. मला मात्र त्या क्षणी एकच सुचलं, की वाघमारेबाईंच्या मुलीचे ब्लाउज आता कोण देणार. भीती नंतर आली, रात्री, सलाइन लागल्यावर.

वॉर्ड

दवाखान्यात सकाळ वजनकाट्याने व्हायची. अंगातलं पाणी उतरतंय का, ते त्यावरून कळायचं. पिण्याचं पाणी मापात, जेवण अळणी. शेजारच्या विहारातली वंदना खिडकीतून अर्धवट ऐकू यायची आणि मी ती उरलेली मनात पुरी करायची. मग औषधाची गुंगी. त्या गुंगीत वॉर्ड सुटायचा. पंखा फिरायचा आणि मला वाटायचं आपण कुठल्यातरी लांबच्या गाडीत बसलोय, खिडकीबाहेर कपाशी मागे मागे जातेय, फुटलेली, पांढरी, संपतच नाहीये. इतकं हलकं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. आजारपणात असंही काही मिळतं, हे कुणी सांगत नाही, म्हणून सांगते.

माझ्या शेजारच्या खाटेवर बाळापूरच्या एक खाला, म्हणजे मावशी, होत्या, माझ्याहून थोड्या मोठ्या. त्यांचं हृदय माझ्याहून जुनं आजारी. पहिल्या दिवशी माझं अळणी वरण पाहून त्यांनी उशीखालून लिंबाची फोड काढली. "ले बेटा, निचोड. नमक मना हाय, लिंबू थोडीच मना हाय." ती फोड पिळलेलं वरण मी अजून विसरले नाही. खालाच मला म्हणाल्या, "जीव मशीनपे मत टांग. मशीन रात कू टी-टी करती, मैं अपनी नब्ज देख लेती."

मग मी सिस्टरच्या मागे लागून नाडी मोजायला शिकले. मनगटावर अंगठ्याच्या मुळाशी दोन बोटं, समोर घड्याळ. पहिल्यांदा सापडेना. सापडली तेव्हा मी कितीतरी वेळ बोटं उचललीच नाहीत. इतकी वर्षं ती तिथे चालू होती आणि मी कधी हातसुद्धा लावला नव्हता.

घरी आल्यावर

सगळ्यांना वाटतं घरी आलं की संपलं. आमच्याकडे खरा ताण घरी आल्यावर सुरू झाला.

आमचे हे कामावर जाईनात. गेले तर तासाभरात परत. मी न्हाणीघरात असले की दाराशी खोकत उभे. रात्री माझ्या नाकापुढे हात धरून पाहायचे आणि मी जागी आहे हे कळलं की तोच हात माझ्या डोक्यावरून फिरवल्यासारखा करायचे. भेटायला येणाऱ्या बायका माझ्याशी न बोलता त्यांच्याशी बोलायच्या. "आता कशी हाय ती?" मी समोर बसलेली!

त्यातच त्यांच्या शेठने अकोल्याला बाळापूर रोडवर दुसरं दुकान काढलं. ते दुकान यांनी चालवायचं, यांच्याच भरवशावर, असं शेठ म्हणाले. हाताखाली माणसं, भिंतीवर नाव. आयुष्यभर दुसऱ्याच्या गाळ्यात वाकून बसलेल्या माणसाला असं कुणी पुन्हा विचारत नाही. पण त्यासाठी सोमवार ते शनिवार अकोल्याला राहायचं होतं.

"मी नाही जात," हे म्हणाले.

"कावून?"

"कावून म्हणून काय इचारतं? तुले एकटीले सोडून जाऊ?"

शेठ म्हणाले, पोळ्यापर्यंत वाट पाहतो, मग दुसरा माणूस बघतो. तेव्हापासून माझ्या मनात एकच गोष्ट बसली. मला एकटीला राहता आलं पाहिजे. मी एकटी राहू शकते, हे मला आधी पटलं पाहिजे आणि मग यांना. नाहीतर माझ्या दुखण्याने दोन माणसं खाटेला खिळणार होती.

स्टँड, सेन्सर आणि पट्टा

डॉक्टर म्हणाले होते, हळूहळू व्यायाम सुरू करा, पण नाडी अमुक आकड्याच्या वर जाऊ द्यायची नाही. बाहेर चालायला जावं तर वैशाखातलं अमरावतीचं ऊन. आणि खरं सांगू, रस्त्यात पडले तर, ही भीती मलाच होती.

मेकॅनिकना सायकल सुचली. माझी जुनी लेडीज सायकल, टोपलीवाली. मी अस्तर आणायला इतवारा बाजारात जायची तिच्यावर. मोबाईलवर वापरलेला स्टँड मिळाला, मागचं चाक उचलून धरणारा. त्याच्या चुंबकाने पायडल जड-हलकं करता येतं. पुढचं चाक समपातळीवर यावं म्हणून मोटरीच्या खोक्याचं लाकूड कापून खाली लावलं. मागच्या चाकाच्या मधोमध एक बोटाएवढा सेन्सर, तो वेग सांगतो. पायडलच्या दांड्याला रबराने बांधलेला दुसरा, तो पाय किती फिरतात ते सांगतो. आणि छातीला बांधायचा पट्टा, तो नाडी सांगतो. सगळं वापरलेलं किंवा साधं. पट्ट्याचं इलॅस्टिक मेलेलं होतं, ते मी नवीन लावून दिलं. घ्यायचं असेल तर एवढं ध्यानात ठेवा: पट्ट्याच्या आतल्या रबरी पट्ट्या बांधण्याआधी पाण्याने ओल्या करा, नाहीतर तो काहीच्या बाही बोलतो.

हे सगळं मोबाईलमधल्या ॲपशी जोडलं की टीव्हीवर रस्ता दिसतो आणि तुम्ही पायडल माराल तसा पुढे सरकतो. फुकटच्या ॲपमध्ये परदेशातला डोंगर होता. हिरवा, धुतलेला, वळणावळणाचा. पहिले काही दिवस मी त्यात हरवून गेले. पाय फिरायचे, स्टँडचा घूंऽऽ आवाज माझ्या मशीनसारखाच, कुलरच्या वाळ्याचा वास, आणि समोर बर्फ! पण हळूहळू मला तिथे एकटं वाटायला लागलं. इतकी सुंदर घरं आणि एकही माणूस दारात बसलेला नाही.

हे मी सहज म्हटलं. पुढच्या रविवारी मेकॅनिक मोटरसायकल घेऊन गायब. संध्याकाळी आले ते धुळीने माखून. मोबाईल माझ्याच इलॅस्टिकने छातीला बांधला होता. अमरावतीपासून अकोल्यापर्यंतचा सगळा जुना रस्ता, गावागावांतून जाणारा, त्यांनी टिपून आणला होता.

तो व्हिडिओ त्यांनी ॲपमध्ये घातला, माझ्या थोड्याशा पायडलला रस्ता बराच पुढे पळेल असा, आणि तेव्हापासून मी त्या रस्त्यावर आहे. व्हिडिओत यांचा आवाज आहे. "गड्डा हाय... सांभाळून..." कुणाला म्हणतात देव जाणे, मागे तर कुणी बसलेलं नाही. लोणीला हे चहा प्यायला थांबले ते व्हिडिओ चालू ठेवूनच. त्यामुळे मी रोज चहाच्या टपरीसमोर उभी राहून जोरजोरात पायडल मारते आणि टपरीवाला माझ्याकडे पाहत चहा गाळतो. कुरूमच्या पुढे शेळ्या आडव्या येतात. एक काळी शेळी थांबून वळून बघते. मूर्तिजापूरच्या अलीकडे कडुनिंबांची सावली आहे, ती आली की मला खरोखर गार वाटतं. पायांतलं बळ परत येताना असंच येतं, कळत नाही. एके दिवशी मी कडुनिंबांच्या पलीकडे होते.

आकडा

ॲपमध्ये घरच्या माणसाला आपले आकडे थेट दिसायची सोय होती. ती यांनी लावून घेतली आणि तिथूनच आमची भांडणं सुरू झाली. मी सायकलवर असले की हे दुकानात स्क्रू पिळता पिळता माझी नाडी पाहायचे. घरी आले की मोबाईल बघत म्हणायचे, "आज बरी होती तू." मी म्हटलं, "मले इचारा ना! मोबाईलले काय इचारता?" त्यावर हे पुन्हा मोबाईलच बघायचे. मला त्याचा भयंकर राग यायचा. बाईल आहे की मोटर आहे मी, मीटर लावून ठेवलेली?

तरी पट्ट्यातल्या माझ्या आकड्यांनीच त्यांना थोडा धीर आला, हेही खरं. शेवटी ठरलं, एक आठवडा हे अकोल्याला राहून पाहतील. जमलं तर शेठना हो म्हणायचं.

दोन दिवस छान गेले. घर माझं होतं. मी माझ्याच तंद्रीत वावरत होते, मधेच मशीनवर बसायचे, मधेच दारात.

तिसऱ्या दिवशी मी सायकलवर चढले. कुलर सुरू होता पण हवा गरम येत होती. कुलरचा पाण्याचा पंप क्षार बसून अडकलेला. खरं तर तो आठवडाभर कुरकुरत होता. अख्ख्या जिल्ह्याचे पंप दुरुस्त करणाऱ्याच्या घरचा हा पंप, त्याला कोण विचारतं. म्हटलं, वारा तर आहे, चालेल. अंगात जॉर्जेटचा सैल कुर्ता होता, तो वाऱ्याने फडफडत होता.

बडनेरा गेलं आणि पडद्यावरचा आकडा वर गेला. डॉक्टरांनी सांगितलेल्या हद्दीच्या कितीतरी वर. मग अजून वर. मी पायडल थांबवलं. आकडा खाली येईना. आता खरोखरच धडधडायला लागलं. मला वाटलं, संपलं. एकटी आहे आणि संपलं.

तेवढ्यात फोन. "उतर! उतर खाली! दार उघडून ठेव, मी निंगालो!" मागे गाड्यांचे हॉर्न. मी काही बोलायच्या आत फोन बंद.

मी उतरून दिवाणावर बसले. खालांची आठवण आली, की बोटं सवयीने गेली, ठाऊक नाही. मनगट धरलं. नजर घड्याळावर. पहिल्यांदा भीतीने मोजणं चुकलं. पुन्हा मोजलं. पडद्यावर जे दिसत होतं त्याच्या जेमतेम निम्मं भरलं. तिसऱ्यांदा मोजलं. तेवढंच. माझी नाडी थोडी घाबरलेली होती, पण एका सुरात चालली होती. चक्कर नव्हती, दम नव्हता. पडद्यावर मात्र कुणीतरी भलतंच धावत होतं.

कुर्ता काढायला गेले तर चट्‌चट्‌ आवाज झाला आणि हातावरचे केस उभे राहिले. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. वैशाखात जॉर्जेट कापायला घेतलं की ते असंच हाताला चिकटतं, चटके देतं. आम्ही शिवणाऱ्या बाया त्याला करंट म्हणतो. कोरडी गरम हवा, फडफडणारं सिंथेटिक आणि घाम न आलेलं अंग. पट्टा माझं हृदय नव्हता ऐकत, माझा कुर्ता ऐकत होता. कुलर बंद केला, सुती पोलकं घातलं, पट्टा ओला करून पुन्हा बांधला. आकडा मी बोटांनी मोजला होता तेवढाच आला.

मी फोन केला. "काही नाही झालं, परत जा. थ्या कुर्त्याचा करंट होता."

"बोलू नको तू. पडून राह्य."

"अवो, मी बोटानं मोजलं—"

"बोरगावले आलो मी."

मग मी दारात जाऊन बसले. मी रोज ज्या रस्त्याने अकोल्याकडे जाते, त्याच रस्त्याने हे माझ्याकडे येत होते. मला सगळं दिसत होतं. आता कडुनिंब. आता शेळ्यांची जागा. आता लोणी, पण आज चहाला थांबणार नाहीत. उन्हाने गल्ली पांढरी झाली होती आणि मी डोळे अर्धे मिटून त्यांना एकेका गावातून पुढे आणत होते. मला भीती वाटत नव्हती. मला यांची काळजी वाटत होती, आणि दवाखान्यानंतर ते पहिल्यांदाच होत होतं.

हे आले ते चपला न काढता आत. माझ्या तोंडाकडे न बघता मोबाईलकडे हात गेला.

"पट्टा बिघडला का तू बिघडली?"

"दोघंही चांगले हाओत. बसा. तुमाले बांधून दाखवते."

मी पट्टा ओला केला, यांच्या बनियनच्या आत बांधला. कुलर बंदच होता. हे दिवाणावर हात मांडीवर ठेवून बसले आणि मोबाईलवर आकडा उमटला. माझ्या हद्दीच्याही वर.

"पाह्य," हे म्हणाले, "हा तं अजून बिघडलेलाच हाय."

मी यांचं मनगट धरलं. त्या जाड, ग्रीस मुरलेल्या कातडीखाली नाडी शोधायची गरजच पडली नाही, ती बोटांवर येऊन आदळत होती. मी घड्याळाकडे पाहत मोजलं. मोबाईलवर जो आकडा होता तोच.

"पट्टा चांगला हाय," मी म्हटलं. "हे तुमचं हाय."

हे आकड्याकडे पाहत राहिले. मग मान खाली घातली. "दवाखान्यापासून असंच हाय," म्हणाले. "रोजच. कोणाले सांगू?"

मला रडू आलं. इतके महिने आम्ही दोघं मिळून एकाच हृदयावर पहारा देत बसलो होतो. मी यांच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिले. बाहेर कुणाची तरी झाडाला पाणी टाकायची बादली वाजली. आकडा हळूहळू खाली येत गेला, थांबला, पुन्हा थोडा खाली आला. बसल्या बसल्या यांचे डोळे मिटले आणि डोकं माझ्या खांद्यावर कललं.

ती रात्र हे घरीच राहिले. सकाळी कुलरचा पंप खोलला, क्षार खरवडला, पुन्हा बसवला. दोघं मिळून माझ्या डॉक्टरांकडे जाऊन आलो; त्यांनी दोघांनाही तपासलं आणि यांना म्हणाले, तुमचं हृदय ठीक आहे, त्याला जरा झोप द्या. मग यांनी पिशवी भरली. निघायच्या आधी मोबाईल माझ्यापुढे धरला.

"हे पाहायचं कसं बंद करतेत?"

मी दाखवलं नाही. त्यांचं त्यांनीच शोधलं, चष्मा वर सरकवत, दोनदा चुकत, आणि बंद केलं.

"संध्याकाळी फोन करत जाईन," म्हणाले. "तूच सांगजो कशी हायस थे."

आता हे अकोल्याला असतात, शनिवारी येतात. दुकान चालतंय. फोन रोज येतो. मी खरं सांगते. दमले तर दमले म्हणते, छान वाटलं तर छान. मग मी विचारते, "आणि तुमचं?" हे आधी "बरं हाय" म्हणतात. थोडं थांबतात. मग खरं सांगतात.